दोन जवळच्या पालींची निश-रुंदी: लेव्हिन्सच्या बी वर नेमकी कोणती चाचणी लावायची?

कातळसडा

रत्नागिरीच्या जांभ्या सड्यांवरची (सडा म्हणजे उघडा, सपाट कातळमाळ) हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस आणि साताऱ्याच्या पठारांवरची हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. पहिलीचं वर्णन १९६३ चं, दुसरीचं २००८ चं. दोघी भिंतीवरच्या नव्हेत, जमिनीवरच्या पाली. वंशवृक्षावर एकाच लहान फांदीतल्या, आणि दोघींचा आसरा म्हणजे कातळावरचे सुटे दगड. दगड निवडताना यांपैकी कोणाची निश (प्रजाती काय काय वापरते त्याचा आवाका) जास्त रुंद आहे, हे तपासायचं आहे.

रचना अशी: प्रत्येक प्रजातीसाठी चार सडे किंवा पठारं, प्रत्येकावर चौकटी. चौकटीतला उलटता येणारा प्रत्येक सुटा दगड उलटून पाल आहे की नाही याची नोंद, दगडाची सर्वांत लांब बाजू आणि दगडाखालचं तापमान. याशिवाय उपलब्धतेसाठी दोन्ही भागांत यादृच्छिक पद्धतीने निवडलेले २०० दगड मोजले. खालचे आकडे हिशेब करून दाखवता यावा म्हणून बनवलेले आहेत, निष्कर्ष म्हणून कुणी वापरू नयेत.

लांबीचे गट: १५ सेंमीपेक्षा कमी, १५–३०, ३०–४५, ४५–६०, ६० च्या वर.
सडा, पाल सापडलेले दगड: १२, ४२, ३६, २०, १० (एकूण १२०)
सडा, उपलब्ध दगड: ९०, ६०, ३०, १४, ६ (एकूण २००)
पठार, पाल सापडलेले दगड: २, ८, १६, १०, ४ (एकूण ४०)
पठार, उपलब्ध दगड: ३०, ५०, ६०, ४०, २० (एकूण २००)

लेव्हिन्सचा बी (निश-रुंदीचा निर्देशांक; वापर गटांत जितका समान वाटलेला तितका मोठा) काढला तर सड्यावर ३.८९ आणि पठारावर ३.६४ येतो. हा फरक खरा आहे का, हे कसं तपासू? काय-वर्ग, टी-चाचणी, क्रुस्कल-वॉलिस आणि निश इक्विव्हलन्सी, अशा चारही सूचना मिळाल्या आहेत.

प्रमाणविचलन

चारही सूचना वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांतली एकही देत नाही.

काय-वर्ग विचारतो की दोन्ही वाटण्या तंतोतंत सारख्या आहेत का. एक पाल फक्त लहान दगडांखाली आणि दुसरी फक्त मोठ्या दगडांखाली असेल, तर दोघींची रुंदी सारखीच असूनही काय-वर्ग 'फरक आहे' म्हणेल. क्रुस्कल-वॉलिस मुख्यतः मध्य सरकलाय का ते पाहतो. रुंदीशी त्याचा संबंध नाही. टी-चाचणीसाठी प्रत्येक प्रजातीचे अनेक बी हवेत, तुमच्याकडे सगळ्या नोंदी एकत्र करून प्रत्येकी एकच आहे. इक्विव्हलन्सी चाचणी ही दोन निश एकमेकींवर किती पडतात याची आहे. रुंद निश आणि तिच्या आतली अरुंद निश यांच्यातला फरक ती 'सारख्या नाहीत' एवढ्यावरच सोडून देते.

आणखी एक सापळा आधीच सांगतो. सगळ्या नोंदी एका टोपलीत टाकून प्रजातीची नावं फेरफार करायची, म्हणजे नोंदींवर यादृच्छिकपणे अदलाबदल करून लावायची, आणि बी मधला फरक हजारो वेळा काढायचा, ही पद्धत बरेच जण वापरतात. तिचं शून्य गृहीतक काय-वर्गासारखंच आहे: वाटण्या सारख्या. दोघींचे मध्य वेगळे असतील तर मिसळलेली टोपली मुळातच जास्त रुंद होते आणि तुलना त्या मिसळलेल्या, प्रत्यक्षात नसलेल्या समूहाशी होते. तिथून आलेला पी (शून्य गृहीतक खरं असताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) रुंदीबद्दल बोलत नाही.

आता तुमच्या ३.८९ आणि ३.६४ कडे. बी म्हणजे प्रमाणांच्या वर्गांच्या बेरजेचा व्यस्त. नमुना लहान असला की ती बेरीज फुगते आणि बी कमी पडतो. म्हणून प्रत्येक गटाची संख्या गुणिले तीच संख्या वजा एक, यांची बेरीज करून तिला एकूण संख्या गुणिले एकूण वजा एक याने भागायचं. सड्यासाठी ३५८४ भागिले १४२८०, म्हणजे ०.२५१, आणि बी ३.९८. पठारासाठी ४०० भागिले १५६०, म्हणजे ०.२५६, आणि बी ३.९०. पाव एककाचा फरक ०.०८ वर आला. म्हणजे जो फरक तपासायला निघालात त्यातला बहुतेक १२० विरुद्ध ४० या नमुन्यांच्या आकाराने तयार केला होता.

पण याहून मोठी अडचण उपलब्धतेची आहे. सड्यावर १५ सेंमीखालचे दगड ४५ टक्के, पठारावर १५ टक्के. बी ला हे माहीतच नाही. तो सगळे गट सारखेच उपलब्ध आहेत असं धरून चालतो. हर्लबर्टने १९७८ मध्ये दिलेला बी-प्रायम घ्या: प्रत्येक गटात वापराच्या प्रमाणाचा वर्ग भागिले उपलब्धतेचं प्रमाण, या सगळ्यांची बेरीज, आणि तिचा व्यस्त. सड्यावर बेरीज १.६५९, म्हणून बी-प्रायम ०.६०. पठारावर बेरीज १.१२३, म्हणून ०.८९. क्रम उलटला! लेव्हिन्स म्हणतो सड्यावरची पाल जरा रुंद, हर्लबर्ट म्हणतो ती बरीच जास्त चोखंदळ. चाचणी कोणती हा प्रश्न यानंतरचा. आधी 'पाल कुठे सापडते' त्याची रुंदी हवी की 'जे समोर होतं त्यातून काय उचललं' त्याची, हे ठरवा. दोन प्रजाती एकाच सड्यावर राहत असत्या तर पहिल्यावर भागलं असतं. इथे एक कोकणात आणि एक घाटमाथ्यावर आहे, त्यामुळे दुसरंच घ्यावं लागेल.

निवसन

उपलब्धता धरायची असेल तर माझी पसंती हर्लबर्टपेक्षा स्मिथच्या १९८२ च्या एफटी ला, म्हणजे उपलब्धता धरणाऱ्या दुसऱ्या रुंदी-निर्देशांकाला. कारण असं की बी-प्रायममध्ये उपलब्धता भाजकात बसते. ६० सेंमीवरचे दगड सड्यावर २०० पैकी फक्त ६. मोजताना ते ६ ऐवजी ३ भरले असते, तर त्या एका गटाचा वाटा ०.२३ वरून ०.४६ झाला असता. दुर्मीळ गटाच्या मोजणीतला लहानसा चढउतार सगळा निर्देशांक हलवतो. एफटी मध्ये वापर आणि उपलब्धता यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ असतं, त्यामुळे दुर्मीळ गटांचा धक्का सौम्य होतो.

हिशेब: सड्यावर पाच वर्गमुळांची बेरीज ०.९०६, पठारावर ०.९८०. एक म्हणजे जसं मिळेल तसं वापरणं. स्मिथच्या पद्धतीने विश्वास अंतराल काढताना आधी आर्कसाइन घ्यायचा, त्यात १.९६ भागिले (२ गुणिले नोंदींच्या संख्येचं वर्गमूळ) मिळवायचं आणि वजा करायचं, मग पुन्हा साइन. कोन रेडियनमध्ये ठेवा; स्प्रेडशीटमध्ये अंशांचा घोळ हमखास होतो. सडा: ०.८६५ ते ०.९४०. पठार: ०.९३८ ते ०.९९९.

हे अंतराल एकमेकांना जेमतेम शिवतात, म्हणून 'फरक नाही' असं लिहू नका. दोन ९५ टक्के अंतराल थोडे एकमेकांवर असूनही फरक ठळक असू शकतो. चाचणी फरकाचीच करायची. आर्कसाइन मोजपट्टीवर १.३७२ वजा १.१३४, म्हणजे सुमारे ०.२३७. फरकाची प्रमाण त्रुटी म्हणजे १/४८० आणि १/१६० यांच्या बेरजेचं वर्गमूळ, ०.०९१. झेड, म्हणजे फरक भागिले त्याची प्रमाण त्रुटी, सुमारे २.६.

पण इथेही थांबता येत नाही, कारण स्मिथचं सूत्र उपलब्धता पक्की माहीत आहे असं मानतं. तुमची उपलब्धता २०० दगडांवरून अंदाजलेली आहे. एफटी वापर आणि उपलब्धता यांच्याकडे एकाच नजरेने पाहतो, म्हणून उपलब्धतेच्या नमुन्याचाही तसाच १/८०० प्रत्येकी मिळवायचा. प्रमाण त्रुटी ०.१०४, झेड २.२८. पी ०.००९ वरून ०.०२३ वर गेला.

शिवाय पठाराच्या ०.९८० मध्ये बायस, म्हणजे एकाच दिशेने होणारी चूक, आहे. तिथली पाल अजिबात निवड करत नाही असं धरलं, तरी नमुन्यामुळे एफटी पूर्ण एक येणार नाही. गटसंख्या वजा एक, भागिले ८, गुणिले (१/४० अधिक १/२००) एवढा तो सरासरी खाली पडतो. म्हणजे ०.०१५, आणि अपेक्षित किंमत ०.९८५. तुमची ०.९८० त्याच्या अगदी शेजारी आहे. पठारावरच्या पालीने निवड केल्याचा पुरावा या आकड्यांत नाही, असंच वाचावं लागेल. एक च्या इतक्या जवळ वरचं सूत्रही ढोबळ होतं, म्हणून शेवटचा आकडा बूटस्ट्रॅपवरूनच (आपल्याच नोंदींतून पुन्हा पुन्हा नमुने उचलून) द्या.

पानगळ

वरचे सगळे हिशेब प्रत्येक पाल ही स्वतंत्र नोंद मानून केलेले आहेत. ती तशी नाही. एका सड्यावरचे दगड एकमेकांसारखे असतात: जांभा कुठे पातळ पापुद्र्यांत सुटतो, कुठे गोटे पडतात, कुठे बांधासाठी मोठे दगड उचलून नेलेले असतात. एकाच चौकटीतल्या दहा पाली दहा स्वतंत्र पुरावे देत नाहीत. नोंदींच्या या गुच्छांमुळे प्रचरण (व्हेरियन्स) दुप्पट होतं असं धरलं तर झेड २.२८ चा १.६ होतो आणि निष्कर्ष हातचा जातो. दुप्पट होणं अशा नोंदींत काही अजब नाही.

म्हणून एकक सडा किंवा पठार हे घ्या. प्रत्येक सड्याचा स्वतःच्या उपलब्धतेवरून स्वतंत्र एफटी काढा. आठ आकडे मिळतील, चार आणि चार. यांची नावं फेरफार करण्याच्या एकूण ७० रीती आहेत. संगणकाला नमुना काढायला न लावता सत्तरही मांडून पाहा. चार-चार सड्यांवर मिळू शकणारा सर्वांत लहान दुतर्फी पी म्हणजे २/७०, सुमारे ०.०२९. तीन-तीन असते तर २० रीती आणि किमान पी ०.१०, म्हणजे चाचणी कधीच जिंकू शकली नसती. मैदानी कामाआधी हा हिशेब करावाच. एका सड्यावर आणखी पन्नास दगड उलटण्यापेक्षा पाचवा सडा गाठणं केव्हाही जास्त उपयोगाचं.

इथे निवसन यांनी सांगितलेला बायस पुन्हा डोकं वर काढतो. पठारावर सरासरी १० पाली, सड्यावर ३०. दहा नोंदींवर केवळ नमुन्यामुळे एफटी ०.०५ ने खाली पडतो, तीसवर ०.०१७ ने. म्हणून सड्याच्या नोंदींतून प्रत्येक वेळी दहाच उचला, एफटी काढा, हे हजार वेळा करून सरासरी घ्या आणि ती सरासरी त्या सड्याची किंमत माना. उपलब्धतेचे दगडही सगळीकडे सारख्याच संख्येने घ्या.

बूटस्ट्रॅप करायचा असेल तर आधी सडे, मग त्यांतल्या चौकटी, अशा क्रमाने उचला आणि प्रत्येक फेरीत वापर व उपलब्धता दोन्ही नव्याने मोजा. उपलब्धता गोठवून ठेवणं ही नेहमीची चूक आहे. चारच सडे असताना बूटस्ट्रॅपचा अंतराल खऱ्यापेक्षा अरुंद येतो, म्हणून मी तो सत्तर फेरफारांच्या जोडीला देईन, त्याऐवजी नाही.

मैदानातल्या दोन गोष्टी थेट आकडेवारीत शिरतात. जे दगड उलटता येत नाहीत ते वापरात नाहीत, मग उपलब्धतेतही नकोत. दोन्हीकडे एकच नियम हवा. दोन्ही भागांत उलटणारी माणसं वेगळी असतील तर 'उलटता येणारा' याची व्याख्या बदलते आणि मोठ्या दगडांचा गट एका बाजूला कापला जातो. दुसरं, दगड होता तसा, त्याच खाचेत, त्याच बाजूने परत ठेवा. खालची फट बुजली की तो आसरा गेला. आणि रत्नागिरीच्या सड्यावर दगड उलटायचा तो आकड्याने, पलीकडची कड आपल्याकडे उचलत, म्हणजे उघडी बाजू आपल्यापासून पलीकडे राहते. फुरसं त्याच दगडांखाली असतं.

कातळसडा

सत्तर फेरफारांचं पटलं. उपलब्धता चौकटीनिहाय आहेच, त्यामुळे करता येईल. दोन शंका. लांबीचे गट मीच पाडलेत, ते बदलले तर? आणि दगडाखालचं तापमान सलग आहे, त्याच्या रुंदीसाठी लेव्हीन चाचणी (दोन गटांचा पसारा सारखा आहे का ते पाहणारी) चालेल का?

प्रमाणविचलन

गटांबद्दलची शंका रास्त आहे. गट दोन्ही प्रजातींसाठी एकच आणि निकाल पाहण्याआधी ठरलेले हवेत. चार आणि सहा गटांवरही हिशेब करून पुरवणीत द्या. दिशा पालटली तर निष्कर्ष गटांचा आहे, पालींचा नाही.

तापमानासाठी एफ-चाचणी नको, ती वाटणी सामान्य नसली की लगेच बिथरते. लेव्हीनचं मध्यकावर आधारलेलं रूप, म्हणजे ब्राऊन-फोरसाइथ (१९७४), किंवा फ्लिग्नर-किलीन चालेल. दोन्ही प्रत्येक गटाच्या स्वतःच्या मध्यकापासूनचं अंतर मोजतात, त्यामुळे मध्य वेगळे असले तरी बिघडत नाही. कमाल वजा किमान ही रुंदी मात्र वापरू नका. १२० नोंदींची ती ४० पेक्षा जास्तच येणार.

पण तापमानात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. सकाळी आठ आणि दुपारी बारा एकत्र केले, तर मिळणारी रुंदी तुमच्या वेळापत्रकाची असते. आधी वेळ आणि तारीख धरून मॉडेल करा आणि उरलेल्या अवशेषांवर चाचणी लावा. शिवाय कोकणातला सडा आणि हजार मीटरच्या वरचं पठार यांवर मिळणाऱ्या तापमानांचा पसाराच वेगळा. म्हणून पाल असलेल्या दगडांचं प्रमाण विचलन भागिले सगळ्या उलटलेल्या दगडांचं प्रमाण विचलन, त्याचा लॉग, प्रत्येक सड्यासाठी. पुन्हा आठ आकडे, पुन्हा तेच सत्तर फेरफार. मोजणी दगड उचलल्यावर लगेच आणि प्रत्येक वेळी सारख्याच विलंबाने हवी. उघड्या पडलेल्या जागेवर ऊन लागलं की वाचन चढत जातं.

लांबी, तापमान, दगडाखालची फट असे अनेक चल एकत्र हवे असतील तर आर या संगणकीय भाषेतल्या व्हेगन पॅकेजचं बीटाडिस्पर आहे; ते अनेक चलांमधल्या पसाऱ्याची तुलना करतं. आधी चल एका मोजपट्टीवर आणा, बायस दुरुस्तीचा पर्याय चालू ठेवा (तो मुळात बंद असतो), आणि पर्म्युटेशन सड्यांच्या पातळीवर करा. त्याच पॅकेजमधलं अॅडोनिस वापरलं तर ते मध्यांमधला फरक आणि पसाऱ्यातला फरक एकमेकांत मिसळतं. हायपरव्हॉल्यूम (अनेक चलांच्या अवकाशात निशने व्यापलेलं घनफळ) मी या नोंदींवर लावणार नाही. पठाराच्या ४० बिंदूंवर घनफळ हे मुख्यतः निवडलेल्या बँडविड्थवर ठरतं.

निवसन

गटच नको असतील तर तुमच्याकडे त्याहून चांगली सोय आहे: प्रत्येक उलटलेल्या दगडाची होती/नव्हती ही नोंद. तिच्यावर लॉजिस्टिक मॉडेल बसवा. उत्तर: पाल आहे की नाही. चल: लांबीचा दोनच्या पायावरचा लॉग, त्याचा वर्ग, प्रजाती, आणि प्रजातीचा या दोन्हींशी गुणाकार. सडा व चौकट यादृच्छिक परिणाम म्हणून. रिकामे दगडही मॉडेलमध्ये असल्याने उपलब्धता आपोआप धरली जाते.

वर्गाच्या पदाचा गुणांक ऋण असेल तर वक्र घंटेसारखा होतो आणि त्याची रुंदी म्हणजे १ भागिले (उणे दोन गुणिले गुणांक) याचं वर्गमूळ. गुणांक उणे ०.५ असेल तर रुंदी १, आणि लॉग दोनच्या पायावर असल्याने तिचा अर्थ सरळ: आवडत्या लांबीपासून दुप्पट किंवा निम्म्यापर्यंत. चाचणी प्रजाती गुणिले वर्ग या पदाची, ते पद असलेलं आणि नसलेलं मॉडेल यांच्या लाइकलीहूड गुणोत्तराने. प्रजाती गुणिले लांबी हे साधं पद दोन्ही मॉडेलांत राहू द्या. ते काढलं तर आवडत्या लांबीतला फरक वर्गाच्या पदात घुसतो आणि रुंदीचा फरक असल्याचा भास होतो.

पठारावरची पाल निवड करत नसेल तर तिथला गुणांक शून्याजवळ किंवा धनही येईल आणि रुंदीचं सूत्र निकामी होईल. अशा वेळी रुंद्यांची तुलना सोडा, गुणांकांची तुलना द्या. चारच सड्यांवर यादृच्छिक परिणामाचं प्रचरण नीट कळत नाही, तेव्हा पानगळ यांची चाचणीच मुख्य ठेवा आणि हे मॉडेल तिच्या जोडीला.

पानगळ

कुणीतरी हवामानाची निशही घाला म्हणेल, म्हणून आधीच लिहितो. वर्ल्डक्लिम या हवामान-नकाशांच्या संचाचा सर्वांत बारीक चौकोन सुमारे एक किलोमीटरचा. चार सड्यांवरच्या १२० नोंदी त्यात मोजक्याच चौकोनांत जमतात, आणि मिळणारी रुंदी पालीची नसते, तुमच्या चार जागांमधल्या अंतराची असते. मॅक्सेंटच्या (प्रजाती कुठे आढळू शकेल याच्या मॉडेलच्या) नकाशावरून काढलेला लेव्हिन्सचा बी तर पार्श्वभूमीचा चौकोन केवढा घेतला त्यावर बदलतो.

वंशवृक्ष धरून पीजीएलएस (प्रजातींमधलं नातं हिशेबात घेणारं रिग्रेशन) करा, अशीही सूचना येईल. याच फांदीत ग्रॅसिलिस, रेटिक्युलाटस आणि पाकिस्तानातली इम्ब्रिकाटस आहेत. त्यांच्या याच पद्धतीच्या नोंदी मिळाल्या तरी पाचच बिंदू होतात, आणि पाच बिंदूंवर वंशवृक्षाचा परिणाम अंदाजणं निरर्थक आहे. दोन प्रजातींवर तर तो प्रश्नच उद्भवत नाही. मात्र दोन प्रजातींच्या तुलनेतून अनुकूलनाचा दावाही करता येत नाही. गारलंड आणि अॅडॉल्फ यांनी १९९४ मध्ये हे सविस्तर मांडलं आहे. कोणत्याही दोन प्रजाती कशात ना कशात वेगळ्या निघतातच. तुमच्याकडे प्रजाती आणि जागा पूर्ण एकमेकींत गुंतल्या आहेत, त्यामुळे वाक्य 'साताराएन्सिस कमी चोखंदळ आहे' असं न लिहिता 'या चार पठारांवरच्या साताराएन्सिसमध्ये दगडाच्या लांबीबाबत निवड आढळली नाही, या चार सड्यांवरच्या अल्बोफॅसिएटसमध्ये आढळली' असं लिहा. सोबत आठही एफटी, प्रत्येकाची नोंदींची संख्या आणि सत्तरपैकी किती मांडण्या तुमच्याइतक्या किंवा त्याहून टोकाच्या निघाल्या तो आकडा द्या.